पायरियामुळे हार्ट अटॅक येतो का?

तुमच्या वडिलांना चार महिन्यांपूर्वी स्टेंट बसवला, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं, आणि शेजारच्या कुणीतरी सांगितलं की 'पायरियानेच अटॅक आला.' हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. मी दातांची डॉक्टर आहे, तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते. त्या 'पायरियानेच'मधला 'च' आधी काढून टाका, मग बोलू.

संबंध आहे. 1989 मध्ये फिनलंडच्या डॉक्टरांनी अटॅक येऊन गेलेल्यांची तोंडं तपासली, तर ती इतरांपेक्षा जास्त बिघडलेली निघाली. पुढे अनेक ठिकाणी तेच दिसलं. कीटण साठून हिरडी दातापासून सुटते, त्या फटीत जंतू घर करतात आणि चावताना, ब्रश करताना थोडे रक्तात उतरतात. रक्तवाहिन्यांत साठलेल्या चरबीच्या थरातही त्यांचे अंश सापडलेत. शिवाय वर्षानुवर्षं धुमसणारी हिरडीची सूज तोंडापुरती राहत नाही, रक्तातलं सीआरपी, म्हणजे शरीरात सूज असल्याचं दाखवणारं प्रथिन, वाढलेलं दिसतं.

पण तंबाखू हिरड्याही खाते आणि हृदयही. डायबेटीसचंही तेच. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका अजून मिशरी लावतात. त्यांच्या बाबतीत कशाचा दोष कशावर ढकलायचा? अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2012 मध्ये म्हटलं की असली कारणं वजा केली तरी संबंध उरतो; मात्र हिरड्यांमुळे हृदयरोग होतो किंवा हिरड्या बऱ्या केल्याने अटॅक टळतो, असा पुरावा नाही.

2007 चा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. पायरिया बळावलेल्या 120 जणांपैकी निम्म्यांची कसून सफाई केली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या रक्तवाहिन्यांचं काम उलट मंदावलं होतं, सहा महिन्यांनी मात्र बाकीच्यांपेक्षा सुधारलेलं होतं. म्हणून स्टेंटवाल्या पेशंटचं सगळं तोंड मी एका बैठकीत करत नाही. ही माझी पद्धत, नियम नव्हे.

आता वडिलांचं. सफाई करून घ्या, पण आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारून. आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःच्या मनाने एक दिवससुद्धा थांबवू नका. एक आजोबा माझ्याकडे दात काढायला आले ते चार दिवस गोळ्या बंद करूनच, 'तुम्हाला त्रास नको म्हणून'! दात राहू दिला, त्यांना आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे धाडलं. दाताच्या खड्ड्यातलं रक्त मी कापूस दाबून, टाका घालून थांबवू शकते. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर माझ्या हातात काही नाही.

दात काढण्याआधी अँटिबायोटिकचा डोस लागतो तो मुख्यतः कृत्रिम झडप बसवलेल्यांना किंवा हृदयाच्या आतल्या अस्तराला पूर्वी जंतुसंसर्ग झालेल्यांना. नुसत्या स्टेंटला नाही.

सफाईने दात ढिले होतात म्हणतात, ते खोटं. हललेला दात कीटणाच्या आधाराने उभा असतो, कीटण गेलं की खरी अवस्था कळते, इतकंच.

बीपीसाठी अॅम्लोडिपिन चालू आहे का तेही बघा. त्या गोळीने काहींच्या हिरड्या फुगतात, आणि पायरियाच वाढला असं वाटतं. तेव्हा दवाखान्यात जाताना गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून न्या, 'एक पांढरी आणि एक गुलाबी' यावरून आम्हाला काही कळत नाही.