हार्ड डिस्क 'कॉशन' दाखवतेय. दुरुस्त करू की नवीनच घेऊ?

कॉम्प्युटर मध्येच हँग होतो, काही फाइल उघडत नाहीत आणि क्रिस्टलडिस्कइन्फोत (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम) पिवळं 'कॉशन', म्हणजे सावधानतेचा इशारा, येतं, एवढं तुम्ही लिहिलंय. डिस्कमधून टकटक आवाज येतो का, ते लिहिलेलं नाही. येत असेल तर पुढचं काही करू नका, कॉम्प्युटर बंद करा. हेड (डेटा वाचणारा भाग) निकामी होत असेल तर डिस्क फिरत राहील तसा प्लॅटरवर (डेटा साठवणाऱ्या तबकडीवर) ओरखडा वाढतो. डेटा खरंच मोलाचा असेल तर रिकव्हरीवाल्यांकडे द्या. तेही डिस्क नीट करून देत नाहीत, डेटा निघेपर्यंत ती कशीबशी चालवतात. तसल्याच दुसऱ्या डिस्कचं सर्किट बोर्ड बसवायचा सल्ला कोणी दिला तर सोडून द्या. प्रत्येक डिस्कचं स्वतःचं कॅलिब्रेशन असतं आणि ते बऱ्याचदा बोर्डवरच्या रॉम चिपमध्ये असतं.

आवाज नसेल तर क्रिस्टलडिस्कइन्फोच्या यादीतलं सी7 (केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुकांचा आकडा) आधी बघा. फक्त तेच वाढत असेल तर डिस्क बिचारी बहुधा धडधाकट असते, साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) बदला. जुना आकडा शून्यावर येणार नाही, वाढायचा थांबला की झालं. घरच्या घरी दुरुस्ती म्हणावी अशी एवढीच.

05 (बदली दिलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे) किंवा सी5 (वाचता न येणारे, निकाल लागायचे राहिलेले) वाढत असतील तर डिस्क बदलायचीच. हे आकडे हेक्समध्ये दिसतात हं, 10 म्हणजे सोळा.

'बॅड सेक्टर रिपेअर'च्या नादी लागू नका. त्या सेक्टरवर नवं काही लिहिलं की डिस्क तो पुन्हा वापरात घेते किंवा बदलून टाकते, सी5 खाली येतो आणि आपल्याला वाटतं डिस्क सुधारली. त्यातला डेटा मात्र गेलेला असतो. चेकडिस्कचा (विंडोजमधला डिस्क तपासायचा प्रोग्राम) पूर्ण स्कॅनही आत्ता नको, आजारी डिस्क उगाच पिळून निघते.

नवीन डिस्क तेवढ्याच किंवा जास्त क्षमतेची घ्या. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करून डीडीरेस्क्यू (बिघडलेल्या डिस्कची नव्या डिस्कवर कॉपी काढणारा प्रोग्राम) चालवा: सहज वाचता येतं ते आधी उचलतं, अडलेल्या भागाकडे नंतर वळतं, मॅपफाइल (कुठवर वाचून झालं त्याची नोंद) दिली तर मध्ये थांबवून पुन्हा तिथूनच सुरू करता येतं. ते जड वाटत असेल तर आधी फोटो आणि कागदपत्रं कॉपी करा. विंडोज काय, पुन्हा टाकता येतं.

वॉरंटी शिल्लक असली तरी कॉपी होईपर्यंत डिस्क पाठवू नका. बदल्यात सहसा दुसरीच डिस्क येते, तुमचा डेटा येत नाही.