तासिकांचे मानधन आणि कापलेले सत्तावीस हजार

प्रश्न : मी बार्शीला राहते, वय ३४. दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. २०२५-२६मध्ये एका कॉलेजचे १,६२,००० आणि दुसऱ्याचे १,०८,००० रुपये मानधन झाले. दोघांनीही पैसे देतानाच १० टक्के कर (टीडीएस) कापला, म्हणजे २७,००० गेले. संध्याकाळी एका कापड दुकानाचे हिशेब लिहिते, तिथे महिना ८,००० मिळतात, त्यातून काही कापत नाहीत. एफडीचे व्याज २२,००० आले. अर्धवेळ काम करणाऱ्यांना करमाफीची मर्यादा वेगळी असते का? आणि १२ लाखांपर्यंत कर नाही, तर माझे पैसे का कापले? सहकारी म्हणतात, पुढच्या वर्षी कॉलेजला 'कर कापू नका' असे सांगणारा १५जी फॉर्म देऊन टाक.

उत्तर : ताई, आयकर कायद्याला पूर्णवेळ-अर्धवेळ काही कळत नाही. वर्षभरात सगळीकडून मिळून किती आले, एवढेच तो बघतो. तुमची बेरीज मी केली : मानधन २,७०,०००, दुकानाचे ९६,०००, व्याज २२,०००. एकूण ३,८८,०००. नव्या कररचनेत ४ लाखांपर्यंत कर नाही. म्हणजे तुमचा कर शून्य.

१२ लाखांच्या आकड्याने बऱ्याच जणांचा घोळ होतो. ४ लाखांच्या वर कर आकारला जातोच, फक्त उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर कलम ८७एच्या सवलतीने तो माफ होतो. १२ लाखांचा कर ६०,००० होतो आणि सवलतही नेमकी तेवढीच आहे. मात्र शेअर विकून झालेल्या नफ्यावर खास दराने लागणारा कर या सवलतीत धरत नाहीत. तुम्ही त्या वाटेला गेला नसाल तर विषय संपला.

मग कापले का? कॉलेजने तुम्हाला पगार दिला नाही, व्यावसायिक शुल्क दिले असे दाखवले आहे. तसे दाखवले की एका देणाऱ्याकडून वर्षात ५०,०००च्या वर रक्कम गेल्यावर कलम १९४जेखाली १० टक्के कापावेच लागतात. तुमचे एकूण उत्पन्न किती, हे कापणारा विचारत नाही. पगार म्हणून दाखवला असता तर वर्षाचा अंदाज धरून कापले असते, म्हणजे तुमच्या बाबतीत एक पैसाही नाही. १५जीचा इथे उपयोग नाही. तो बँकेच्या व्याजासारख्या ठरावीक रकमांसाठी असतो, १९४जेला चालत नाही. आणि तुमचे व्याज ५०,०००च्या आत असल्याने बँकेतही त्याची गरज नाही.

तेव्हा रिटर्न भरा आणि २७,००० परत घ्या. 'कर नाही तर रिटर्न कशाला' असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. वर्षातला टीडीएस २५,००० किंवा त्याहून जास्त असेल तर, उत्पन्न मर्यादेखाली असले तरी, रिटर्न भरणे सक्तीचे आहे. तुम्ही दोन हजारांनी त्यात आलात.

आधी आयकर खात्याच्या पोर्टलवर २६एएस, म्हणजे कापलेल्या कराचा तक्ता, उघडून दोन्ही कॉलेजांची कपात तुमच्या पॅनवर दिसते का पाहा. तिथे १९४जे लिहिलेले असेल तर सहज, म्हणजे आयटीआर-१, भरू नका. त्यात व्यावसायिक उत्पन्न दाखवता येत नाही, आणि मेळ बसला नाही की नोटीस येते. पगाराची ७५,०००ची प्रमाणित वजावट या मानधनावर मागू नका. त्याऐवजी दुसऱ्या कॉलेजला जायचे एसटीभाडे, पुस्तके असा खरा खर्च दाखवता येतो. कर शून्यच असल्याने त्यात फार जीव घालू नका. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय, म्हणजे ऑनलाइन पडताळणी, करा, ते राहिले तर सगळे फुकट. १ एप्रिल २०२६पासून नवा कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, पण तुमचे वर्ष त्याआधीचे आहे. त्याला जुनाच कायदा.

एक विचारते, पॅनवर माहेरचे नाव आणि पासबुकात सासरचे, असे नाही ना? माझ्याकडे येणाऱ्या बायकांचे रिफंड सर्वांत जास्त इथेच अडकतात. आधी ते जुळवा.

हे मी कळवळून लिहिते, कारण १९९८-९९ साली मीही एका कॉलेजात तासावर अकाउंट्स शिकवत होते. वर्षाचे २४,००० झाले, तेव्हाच्या ५ टक्क्यांनी १,२०० कापले. करमाफीची मर्यादा तेव्हा ५०,००० होती, म्हणजे सगळे परत मिळायला हवे होते. १६ए, म्हणजे कर कापल्याचा दाखला, हा कागद जोडल्याशिवाय रिफंड नाही, आणि तो मागायला मी तीनदा ऑफिसात गेले. तिसऱ्यांदा क्लार्क म्हणाले, "मॅडम, बाराशेसाठी किती चकरा मारताय!" मला लाज वाटली आणि मी सोडून दिले. तेव्हा बाराशेत घरभाडे निघत असे. आता हा कागद नसला तरी २६एएसवर काम भागते, कोणाच्या टेबलापुढे उभे राहावे लागत नाही.

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा, पुण्यात बी.कॉम. करतो आणि बाईकवर जेवण पोचवतो. महिना १४,००० मिळतात. हे माझ्या उत्पन्नात धरतील का?

उत्तर : नाही. तो सज्ञान आहे, त्याचे उत्पन्न त्याचेच. अज्ञान मुलाचीही स्वतःच्या मेहनतीची कमाई आईबापांच्या नावावर धरत नाहीत. वर्षाचे १,६८,००० होतात, कर नाही. २६एएसवर १ टक्का कपात दिसत असेल तर १,६८० रुपयांसाठी रिटर्न भरायला सांगा. बी.कॉम.चा मुलगा आहे, स्वतःच भरू दे. तेवढाच अभ्यास.

प्रश्न : दातांच्या दवाखान्यात अर्धा दिवस रिसेप्शनला बसते. पगार ११,०००. डॉक्टर दरमहा २०० रुपये 'टॅक्स' म्हणून कापतात.

उत्तर : हा आयकर नव्हे, राज्याचा व्यवसायकर. पुरुषाला १०,०००च्या वर महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० लागतात, वर्षाचे २,५००. बाईला मात्र महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३पासून महिना २५,०००पर्यंत हा कर नाही. डॉक्टरांचा हिशेबनीस जुन्याच तक्त्यावर चालत असेल. त्याला हे दाखवा आणि कापलेले पैसे भरल्याचे चलन मागा. चलन निघाले नाही तर पैसे डॉक्टरांकडेच आहेत, मागून घ्या.