ड्रेनेजच्या बिलातले पैसे शेतकऱ्याला का?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही विस्कॉन्सिनमधे मॅडिसनला राहतो. परवा कळलं की सांडपाण्याच्या बिलात आम्ही जे पैसे भरतो त्यातले काही पैसे इथली ड्रेनेजवाली संस्था शेतकऱ्यांना देते, कशासाठी तर शेतातून वाहून येणारा फॉस्फरस कमी व्हावा म्हणून. अहो घाण त्यांच्या शेतातून येणार आणि त्यांना दंड करायचा सोडून वर पैसे द्यायचे? शिवाय आमच्या सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचं पाणी तर तळ्यांत सोडतच नाहीत म्हणे. मग हा भुर्दंड आमच्या डोक्यावर का?

उत्तर: राग येणं साहजिक आहे, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही हा उलटा न्याय वाटला होता. पण हिशोब मांडून बघा.

फॉस्फरस म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, खताच्या पोत्यावर नत्र-स्फुरद-पालाश लिहिलेलं असतं ना, त्यातलं मधलं. पिकाला लागतं तेच शेवाळालाही लागतं, आणि गोड्या पाण्याच्या तळ्यात बहुतेक वेळा नेमकं तेच कमी असतं, त्यामुळे ते जरा वाढलं की शेवाळ फोफावतं. म्हणून विस्कॉन्सिनने २०१० मधे नियम केला की ओढ्यांत लिटरमागे ०.०७५ मिलिग्रॅम आणि मोठ्या नद्यांत ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फॉस्फरस नको. आता गंमत बघा, प्लांटमधे लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत येणं फार अवघड नाही, लोखंडाचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे क्षार टाकून किंवा जिवाणूंकडून काम करून घेऊन ते जमतं (तुमच्या नाइन स्प्रिंग्ज प्लांटमधे हे काम जिवाणूच करतात). पण तिथून ०.०७५ पर्यंत उतरायचं म्हणजे नवीन फिल्टर, जास्त केमिकल, जास्त वीज, जास्त गाळ, आणि एवढं करून हाती काय तर शेवटचा चिमूटभर फॉस्फरस, तोही सगळ्यात महागडा. आणि तिकडे एका जोरदार पावसात शेतांतून त्याच्या कितीतरी पट वाहून जाणार, म्हणजे प्लांट पास आणि नदी नापास.

दंडाचं म्हणाल तर तो करायचा कुणाला आणि कसा? १९७२ च्या केंद्रीय स्वच्छ पाणी कायद्यात परमिट लागतं ते पाइपातून पाणी सोडणाऱ्याला, आणि शेताला पाइप नसतो. हजार ‘जनावर एकक’ म्हणजे साधारण ७०० दुभत्या गायींच्या वरचा डेअरी फार्म असेल तर त्याला परमिट घ्यावं लागतं, बाकीच्यांना नाही. राज्याचे शेतीसाठी नियम आहेत, नाही असं नाही, पण आधीपासून कसल्या जाणाऱ्या जमिनीवर ते लागू करायचे तर आधी शेतकऱ्याला खर्चाचा ७० टक्के वाटा देऊ करावा लागतो. म्हणजे सरकारने सक्ती करायची म्हटलं तरी पैसे कुणीतरी मोजायचेच आहेत.

यातूनच शेतकऱ्यांना पैसे द्यायचा पर्याय निघाला. पाणलोटातला निम्मा किंवा जास्त फॉस्फरस शेतं आणि रस्त्यांवरून येत असेल आणि प्लांटला फिल्टरसारखा मोठा खर्च करावा लागणार असेल, तर विस्कॉन्सिनमधे प्लांट म्हणू शकतो की मी तो पैसा वरच्या शेतांत घालतो, तुम्ही माझा पाइप मोजू नका, नदी मोजा. मधल्या काळात प्लांटलाही मोकाट सोडत नाहीत, आधी ०.६ आणि मग ०.५ मिलिग्रॅमची मर्यादा असतेच. तुमच्याकडे २०१२ मधे सिक्स माइल क्रीकच्या भागात याची छोटी सुरुवात झाली आणि नंतर याहारा विन्स नावाने २० वर्षांचा करार झाला, त्यात ड्रेनेजवाल्यांबरोबर आजूबाजूची शहरं आणि गावंही पैसे घालतात. तुमचं पाणी १९५८ पासून तळ्यांना वळसा घालून बॅडफिश क्रीकमधे जातं हे खरं, पण तो ओढा पुढे याहारा नदीलाच मिळतो ना, आणि ती चार तळ्यांमधून येणारी तीच नदी. मोजमाप नदीत होतं म्हटल्यावर वरून काय येतंय याच्याशी तुमचा संबंध आलाच.

शेतकरी पैसे घेऊन करतो काय? तर सगळी जमीन न नांगरता फक्त पेरणीच्या ओळीपुरती पट्टी मोकळी करतो, मका निघाल्यावर राय नावाचं धान्य पेरतो म्हणजे जमीन उघडी पडत नाही, ओढ्याकाठी गवताचा पट्टा सोडतो. पण मला विचाराल तर खरी मेख शेणाची आहे. गाय काही हिवाळ्यात शेण टाकायची थांबत नाही, साठवायला जागा नसली की ते जाणार गोठलेल्या शेतावर, जमीन दगडासारखी, काही मुरत नाही, मग मार्चमधे बर्फ वितळलं आणि वर एखादा पाऊस पडला की सगळं थेट ओढ्यात. वर्षाचा बराचसा फॉस्फरस अशा मोजक्याच दिवसांत येतो. म्हणून शेण साठवायची सोय करायला आणि स्लरी वर न पसरता जमिनीत सोडायच्या मशीनला मदत करणं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. नुसतं ‘नांगरू नका’ सांगून भागत नाही, कारण माती जागेवर राहिली तरी खत वरच्या थरातच साठतं आणि विरघळलेला फॉस्फरस पाण्याबरोबर जातोच.

प्रश्न: एवढं सगळं करूनही मेंडोटा तळ्यात उन्हाळ्यात हिरवा थर येतोच. मग पैसे पाण्यात गेले का?

उत्तर: तसं नाही, थर येण्याची कारणं वेगळी आहेत. एक तर कित्येक वर्षांच्या खताने त्या भागातली बरीच शेतं आणि ओढ्यांतला गाळ फॉस्फरसने भरलेला आहे, आज नळ बंद केला तरी तो झिरपत राहणार. दुसरं, २००९ मधे मेंडोटात बाहेरून आलेला एक बारीक काटेरी जलजीव सापडला, तो डॅफ्निया नावाच्या बारीक पाणपिसवांना खातो आणि डॅफ्निया शेवाळ खायचे, म्हणजे तळ्याचे सफाई कामगारच कमी झाले. त्यात पावसाच्या सरी आणखी जोरदार व्हायला लागल्यात. मात्र एक खरं, ही सगळी योजना शेतकऱ्याच्या मर्जीवर आहे, मक्याचा भाव वाढला की गवताची पट्टी मोडून तिथे मका लावायचा मोह होणारच. म्हणून तुम्ही मीटिंगला गेलात तर ‘किती शेतकऱ्यांना पैसे दिले’ हे विचारू नका, ‘ओढ्यात किती मिलिग्रॅम निघाले’ ते विचारा.

प्रश्न: शेत नसलेल्या माणसाने काय करायचं?

उत्तर: लॉनच्या खतातला फॉस्फरस तुमच्या डेन काउंटीने २००५ पासूनच बंद केलाय. राहिली पानं. मॅडिसनमधेच शास्त्रज्ञांनी मोजून बघितलंय, पानगळीच्या दिवसांत पावसाआधी रस्त्यावरची पानं उचलली तर गटारातून जाणारा फॉस्फरस ८४ टक्क्यांनी कमी झाला. पानं रस्त्यात भिजली की चहासारखा अर्क उतरतो आणि तो गटारातून सरळ तळ्यात जातो, प्लांटकडे नाही. तेव्हा ऑक्टोबरमधे पावसाचा अंदाज आला की आदल्या दिवशी झाडू घेऊन घरासमोरची रस्त्याची कड तेवढी मोकळी करा.