'बहुलक' की 'बहुवारिक'?

नागपुरातील एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, प्लास्टिकच्या महारेणूला (पॉलिमरला, म्हणजे अनेक लहान रेणू जुळून झालेल्या लांब रेणूला) तिच्या मराठी पाठ्यपुस्तकात 'बहुवारिक' म्हटले आहे आणि हिंदी माध्यमातल्या मैत्रिणीच्या पुस्तकात 'बहुलक'. मग मराठीत 'बहुलक' लिहिले तर काय बिघडते?

बिघडते, कारण मराठीत 'बहुलक' हा शब्द संख्याशास्त्राने आधीच अडवून ठेवला आहे. मध्य, मध्यक, बहुलक यांतला तो तिसरा, म्हणजे सामग्रीत सर्वाधिक वेळा आलेला प्राप्तांक. हिंदीत या एकाच शब्दावर दोन्ही अर्थ निभावून नेले जातात. मराठीला ती ओढाताण करण्याचे कारण नाही.

शिवाय 'बहुवारिक' शब्द बोलका आहे. त्यातला 'वार' सोमवारातला नव्हे, तर 'वारंवार'मधला, म्हणजे खेप या अर्थाचा. 'पॉलिमर'च्या मूळ ग्रीक शब्दात 'मेरोस' म्हणजे भाग. तिथे भाग मोजले आहेत, आपल्याकडे खेपा. आपल्या विदर्भात जिला सर्रास 'पन्नी' म्हणतात, ती प्लास्टिकची पिशवी बहुधा पॉलिथीनची असते. तिच्यामागचा एथिलीनचा रेणू दोन कार्बन अणूंचा असून त्यांच्यात दुहेरी बंध असतो. त्यातला एक बंध उघडला की दोन्ही कार्बनांचा एकेक हात मोकळा होतो, शेजारचा रेणू तो धरतो आणि साखळी वाढत जाते. एथिलीनचे रेणुवस्तुमान २८. असे हजार रेणू जुळले की साखळी सुमारे २८,००० ची होते, कारण जुळताना काहीच गळत नाही.

पाण्याच्या बाटलीच्या पीईटी (पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट) या प्लास्टिकात मात्र तसे होत नाही. तिथे टेरेफ्थॅलिक आम्ल (रेणुवस्तुमान १६६) आणि एथिलीन ग्लायकॉल (६२) आळीपाळीने जुळतात आणि प्रत्येक जोडीमागे पाण्याचे दोन रेणू बाहेर पडतात. साखळीत वारंवार येणारा घटक त्यामुळे १९२ चा असतो, आणि तो मूळच्या दोन्ही रेणूंपैकी कोणताच नसतो. 'एकवारिकाची पुनरावृत्ती म्हणजे बहुवारिक' ही शालेय व्याख्या (एकवारिक म्हणजे मोनोमर, साखळी बनवणारा लहान रेणू) इथे तोकडी पडते. म्हणून 'एकवारिक' हा शब्द जोडणीपूर्वीच्या रेणूपुरता ठेवावा आणि साखळीतल्या घटकाला 'आवर्ती घटक' म्हणावे, असे माझे मत आहे.

उत्तरपत्रिकेत प्रक्रियेचे नाव 'बहुवारिकीकरण' असे लिहावे. 'बहुवारीकरण' लिहिल्यास 'बहुवारिक' या नामातला 'क' गळतो.