जुन्या वॉशिंग मशीनचा क्लच घरी दुरुस्त करता येतो का?

आपल्या पट्टा नसलेल्या, वरून कपडे टाकायच्या जुन्या यंत्रात धुणे नीट होते, पाणीही उपसले जाते, पण पिळताना टब रेंगाळतो आणि जळका वास येतो, असे आपण लिहिले आहे. क्लच, म्हणजे पिळताना मोटरचा जोर टबापर्यंत पोहोचवणारा भाग, घरी दुरुस्त करता येतो. मात्र दोष क्लचचाच आहे, याची आधी खात्री करून घ्यावी.

घसरणे हे या क्लचचे कामच आहे. ओल्या कपड्यांनी जड झालेला टब एका झटक्यात पूर्ण वेगाला नेला, तर मोटर आणि गिअरबॉक्स दोन्हींवर फार ताण येईल. म्हणून क्लचचे लायनिंग, म्हणजे घर्षणाने पकड धरणारा थर, सुरुवातीला घसरत टबला हळूहळू वेग देते आणि मग घट्ट पकड धरते. वेग घेण्याची वेळ उलटून गेल्यावरही ते घसरतच राहिले, तर दोष समजावा. रिकामा टब लगेच वेग घेतो आणि भरलेला घेत नाही, असे दिसले तर संशय क्लचवर जातो. रिकामा टबही अडखळत असेल, तर ब्रेक पूर्ण सुटत नसावा किंवा आतल्या-बाहेरच्या टबांमध्ये एखादा कपडा अडकला असावा.

काम सुरू करण्यापूर्वी प्लग काढावा, नळ बंद करावेत आणि उरलेले पाणी काढून टाकावे. मोटरला कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा भाग) असेल, तर तो डिस्चार्ज झाल्याशिवाय तारांना हात लावू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास घातक ठरणारे तंतुमय खनिज) असू शकते. म्हणून तिथली भुकटी फुंकू नये, ब्रशने झाडू नये, लायनिंग घासू नये. योग्य मास्क लावून ती ओल्या फडक्याने टिपावी.

या बांधणीत अजिटेटर (टबाच्या मधला, कपडे घुसळणारा खांब) आधी काढावा लागतो, कारण त्याचा दांडा गिअरबॉक्सचाच असतो. मग यंत्र जाड गादीवर आडवे करून पंप आणि मोटर क्लिपा सोडवून बाहेर घ्यावेत आणि बोल्ट काढून गिअरबॉक्स सरळ ओढावा. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे, विशेषतः स्प्रिंगांची टोके कोणत्या बाजूला आहेत त्याचे. क्लच गिअरबॉक्सच्या माथ्यावर सर्क्लिपने (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीने) अडकवलेला दिसेल.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची पाहणी इथेच करायची असते. लायनिंग कोरडे आणि झिजलेले असेल, तर फक्त क्लच बदलून भागते; पण ते तेलकट असेल, तर दांड्याभोवतीचे, तेल अडवणारे सील गळत आहे, आणि सील न बदलता घातलेला नवा क्लचही काही काळात तसाच भिजेल. तेल शोषलेले लायनिंग धुऊन पुन्हा वापरण्याचा मोह टाळावा. वरून स्वच्छ दिसले तरी तापल्यावर आतले तेल पुन्हा पृष्ठभागावर येते. ज्या ड्रमवर लायनिंग टेकते, तो ब्रेक क्लीनरने पुसून पूर्ण वाळू द्यावा, आणि नव्या लायनिंगला तेलकट बोट लावू नये.

परत बसवताना दांडा किंचित फिरवत गिअरबॉक्स हाताने पूर्ण टेकवावा. बोल्ट आवळून तो जागेवर ओढून घेतल्यास त्याचे कवच तडकू शकते. पहिली फेरी रिकाम्या टबने आणि दुसरी थोड्या कपड्यांनी घ्यावी; त्यानंतर काही दिवस यंत्राखाली कागद पसरून ठेवावा, म्हणजे नवे सील तेल धरते की नाही, ते समजेल.