नाव नीला, रंग लाल

प्रश्न : हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडतात म्हणून माझ्या मोठ्या भावाचं अ‍ॅब्लेशन झालं, म्हणजे ठोके बिघडवणारी जागा डागून निकामी केली. ठोके सुधारले. तीन महिन्यांनी खोकला सुरू झाला, मग थुंकीत रक्त दिसलं. न्यूमोनिया समजून दोनदा अँटिबायोटिक दिली, क्षयाच्या तपासण्या झाल्या. शेवटी एका सीटीत फुप्फुसाची शीर अरुंद झालेली सापडली. उपचार हृदयावर झाला, मग दुखणं फुप्फुसात कसं? आणि हे आधी कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?

उत्तर : फुप्फुसांतलं शुद्ध झालेलं रक्त घेऊन येणाऱ्या शिरा (बहुतेकांत चार, पण निसर्ग यात बराच लहरी आहे) हृदयाच्या डाव्या कर्णिकेत (वरच्या कप्प्यात) मागच्या बाजूनं उघडतात. कर्णिकेचा स्नायू या शिरांच्या तोंडातून थोडा आतपर्यंत गेलेला असतो. १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दो इथे मिशेल हाइसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांत ठोके बिघडवणारी ठिणगी नेमकी कुठे पडते, ते शोधलं. अशा ६९ जागा मिळाल्या. त्यातल्या ६५ या शिरांमध्ये होत्या! आजचं अ‍ॅब्लेशन त्या शोधावर उभं आहे.

सुरुवातीला डॉक्टर शिरेच्या आत जाऊन ती जागा डागत. डागलेली जागा भरून येताना आक्रसते, भाजलेली कातडी आक्रसते तशीच. शिरेची भिंत पातळ, त्यामुळे आतली वाट बुजू लागली. हे ध्यानात आल्यावर डाग शिरेच्या तोंडाबाहेर, कर्णिकेच्या भिंतीवर कड्यासारखे देऊ लागले आणि गंभीर आकुंचनाचं प्रमाण एक टक्क्याच्या खाली आलं. आता उष्णतेऐवजी विजेचे अगदी क्षणिक झटके देण्याची पद्धत आली आहे, तिच्यात हा धोका आणखी कमी.

लक्षात का आलं नाही, याचं उत्तर मला कडवट वाटतं. शीर तुंबली की त्या भागातलं रक्त मागे साचतं. एक्स-रेवर तो डाग न्यूमोनियासारखाच दिसतो, खोकलाही तसाच. त्रास लगेच नव्हे, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी सुरू होतो. रुग्ण छातीच्या डॉक्टरकडे जातो आणि हृदयाचं काम केव्हाच उरकलं, या समजुतीनं अ‍ॅब्लेशनचा उल्लेखच करत नाही. डॉक्टरही विचारत नाहीत. मग अँटिबायोटिकचा दुसरा कोर्स.

भावाच्या बाबतीत दोन गोष्टी विचारा : किती शिरा अरुंद आहेत आणि किती टक्के. सत्तर टक्क्यांच्या पुढचं आकुंचन गंभीर धरतात. नुसत्या फुग्यानं रुंद केलेली शीर पुन्हा मिटण्याची शक्यता जास्त, स्टेंट त्यापेक्षा बरा टिकतो, पण तोही अरुंद होऊ शकतो. म्हणून नंतरचे सीटी चुकवू नयेत. शीर पूर्ण बंद पडली तर उघडणं फार अवघड जातं, तेव्हा 'बघू सावकाश' असं म्हणण्याची ही वेळ नाही.

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला 'पल्मोनरी हायपरटेन्शन' (फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला वाढलेला दाब) ठरवून रक्तवाहिन्या सैल करणारं औषध सुरू केलं आणि तिच्या फुप्फुसात पाणी भरलं. आता डॉक्टर 'पीव्हीओडी' म्हणतात, म्हणजे फुप्फुसातल्या बारीक शिरा बुजत जाण्याचा आजार. बायोप्सी करून खात्री का करत नाहीत? आमचे आईवडील ठणठणीत आहेत, तरी मी तपासून घ्यावं का?

उत्तर : मी पॅथॉलॉजिस्ट. या आजाराच्या स्लाइड्स अगदी मोजक्या पाहिल्या आहेत, पण पहिली विसरलेली नाही. प्रत्यारोपणात काढलेलं फुप्फुस होतं. मी जाड भिंतीची, बुजलेली रक्तवाहिनी पाहिली आणि बेलाशक 'धमनी' लिहून मोकळी झाले. आमच्या सरांनी स्लाइड बघितली आणि इतकंच विचारलं, "हिच्या शेजारी श्वासनलिका कुठाय?"

नव्हती. फुप्फुसात धमनी श्वासनलिकेचा हात धरून चालते. शीर एकटी, दोन खणांमधल्या पडद्यातून जाते. मी पाहत होते ती पडद्यातली शीर होती. दाबानं तिची भिंत इतकी जाडावली होती की तिनं धमनीचं सोंग घेतलं होतं. लवचीक तंतू काळे दाखवणारा स्टेन (स्लाइडला द्यायचा रंग) करून घेतला. आतली पोकळी तंतूंनी भरलेली, मधे सुईनं टोचल्यासारखी दोन-तीन भोकं, रक्ताला जायला तेवढीच वाट. लोहाचा स्टेन केला तर वायुकोशांत निळ्या पेशींची गर्दी. साचून पाझरलेल्या रक्तातलं लोह गिळून बसलेल्या पेशी त्या.

बहिणीच्या औषधाचं काय झालं, ते या चित्रात आहे. औषधानं धमन्या सैल केल्या, रक्त जोरात आत आलं, पण बाहेर पडायची वाट बंद. पाणी फुप्फुसात पाझरलं. म्हणजे औषधानं आजार दाखवून दिला, पण फार महागात. बायोप्सी मुद्दाम टाळतात, कारण अशा फुप्फुसाला सुई किंवा चाकू लावला की रक्तस्राव जिवावर बेतू शकतो. सीटीवर पडद्यांच्या जाडसर रेषा, धुरकट ठिपके आणि छातीतल्या वाढलेल्या लसिकाग्रंथी, रक्तातला बराच उतरलेला ऑक्सिजन आणि फुप्फुसाची वायू रक्तात पोचवण्याची फारच घटलेली क्षमता, यांवरून निदान बांधतात. प्रत्यारोपणाच्या केंद्राकडे नाव लवकर जावं, कारण रोग मुळापासून थांबवणारं औषध आजही नाही.

आता तुमचं. २०१४ साली फ्रेंच संशोधकांनी हा आजार एकाहून अधिक जणांना झालेल्या १३ कुटुंबांचा अभ्यास केला आणि तेराही कुटुंबांत ईआयएफ२एके४ या एकाच जनुकात दोष सापडला. कुटुंबात दुसरा कुणी रुग्ण नव्हता अशा २० जणांपैकी पाच जणांतही तोच. आजारासाठी जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात. आईवडील एकेक बिघडलेली प्रत बाळगून धडधाकट राहतात आणि प्रत्येक अपत्याला चारात एक शक्यता येते. म्हणून 'आईवडील ठणठणीत' यावर विसंबू नका. आधी बहिणीची जनुक तपासणी होऊ द्या. तिच्यात दोष निघाला तर तुमचीही करावी. नाही निघाला, तर दुसरी कारणं शोधावी लागतील : मायटोमायसिनसारखी कर्करोगाची औषधं किंवा ट्रायक्लोरोएथिलीनसारख्या द्रावकांची वाफ. बहिणीच्या कामाच्या जागी काय हाताळलं जातं, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, अगदी विचारलं नाही तरी.

प्रश्न : मी शाळेत विज्ञान शिकवतो. पाठ्यपुस्तकात शिरेला 'नीला' म्हणतात. पण फुप्फुस नीलेतून लालभडक रक्त वाहतं. मुलं हसतात. काय सांगू?

उत्तर : हसू द्या, बरोबर हसताहेत! रोहिणी (म्हणजे धमनी) की नीला, हे रक्ताच्या रंगावरून ठरत नाही, दिशेवरून ठरतं. हृदयाकडे येते ती नीला. फुप्फुसाकडून येणारं रक्त ऑक्सिजन घेऊन येतं, म्हणून ही नीला लाल.

मुलांना हेही सांगा की जुन्या शरीरशास्त्राचा या वाहिनीबद्दल याहून मोठा घोळ होता. प्राचीन ग्रीक वैद्य गेलनच्या परंपरेत हिच्यातून फुप्फुसातली हवा हृदयाकडे जाते, असं मानत. १३व्या शतकात अरब वैद्य इब्न अल-नफीस यांनी रक्त फुप्फुसांतून फिरून हृदयाच्या डाव्या बाजूला येतं, असं लिहिलं. त्यानंतर इटलीतले शरीरशास्त्रज्ञ रेआल्दो कोलंबो यांनी जिवंत प्राण्यांत ही वाहिनी उघडून पाहिली. त्यांचं लेखन १५५९ साली छापलं गेलं. वाहिनीत हवा नव्हतीच. ती रक्तानं भरलेली होती.