पोच घेतलीस का?

तुझा मेसेज रात्रीच वाचला होता, पण फोनवर अंगठ्याने टाईप करून संपणारं प्रकरण नव्हतं म्हणून थांबले. "मॅडम, मी कर्जबुडव्यांची वकील होत चाललेय का?" असं विचारलंयस. त्या खर्चीवाल्याने, म्हणजे दुसऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणाऱ्या तुझ्या अशिलाने, यंत्रमागासाठी काढलेल्या कर्जातले पैसे मुलीच्या लग्नात घातले हे तुझ्यापासून लपवलं, बँकेच्या वकिलाने ते तुला कॅन्टीनमध्ये चहा पिता पिता हसत सांगितलं, आणि तेव्हापासून तुझं मन उडालंय. वर सीनियर म्हणतायत की दिवाणीत दावा टाक, मनाई मिळव, सहा महिने सहज निघतात.

एवढा मोठा मेसेज लिहिलास गं. त्याचे माग किती, मुलगी कुठे दिली, बायको कशी रडली, सगळं आलं त्यात. शेडच्या दारावर पझेशनची, म्हणजे ताबा घेतल्याची, नोटीस कुठल्या तारखेला चिकटवली ते मात्र नाही. आणि त्याने बँकेला आजवर जे अर्ज दिले, विनंत्या केल्या, त्यातल्या एकाची तरी पोच आहे का, तेही नाही. मला राग आला तो याचा. तो माणूस चांगला की वाईट हे ठरवायला तुला कुणी बसवलेलं नाही, बँकेने तरी कर्ज देताना कुठे बघितलं होतं. तू तारीख बघ आणि पोच बघ.

सीनियरचं आधी निकालात काढू. सरफेसी, म्हणजे कोर्टात न जाता थकलेल्या कर्जाचं तारण ताब्यात घेऊन विकायची मुभा बँकेला देणारा कायदा, त्याचं कलम ३४ त्यांनी वाचलेलं नसेल असं मी म्हणत नाही, वाचूनच सांगत असतील, कारण दावा टाकला की फी मिळते. दिवाणी कोर्टाला या कारवाईत हात घालता येत नाही, अगदी फसवणुकीसारखा अपवाद सोडला तर. दावा दाखल होईल, समोरून हरकत येईल, दोन तारखा पडतील, आणि तोवर कलम १७ खाली डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, जायची ४५ दिवसांची मुदत निघून गेलेली असेल. उशीर माफ करून घेऊ या भरवशावर बसू नकोस. मी बसलेली माणसं बघितलीत.

आणि सहकारी बँक आहे म्हणून सरफेसी लागत नाही हे जे तुला बाररूममध्ये कुणी सांगितलंय ते डोक्यातून काढ. मुरगूडच्या बँकेच्या केसमध्ये २०२० साली सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने तो वाद संपवलाय. आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातली बँक, आणि आपल्याच वकिलांना माहीत नाही, काय बोलायचं.

आता नीट ऐक. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत खातं. मग थर्टीन टू ची, म्हणजे कलम १३(२) ची नोटीस, पैसे भरायला ६० दिवस देणारी. ती आली की आपली माणसं काय करतात? पोस्टमनला सांगतात, मालक घरी नाहीत. घेतलीच नाही तर लागू कशी होईल असा हिशोब. "घेण्यास नकार" असा शेरा मारून पाकीट परत गेलं की बँकेचं काम झालं, नोटीस बजावली असंच धरतात. उलट ती नोटीस म्हणजे कर्जदाराला बोलायची मिळालेली पहिली संधी. लेखी हरकत दिली की बँकेला १५ दिवसांत कारणांसकट उत्तर द्यावं लागतं. एनपीएची तारीख चुकली असेल, भरलेला हप्ता जमा दिसत नसेल, दंडव्याज लावलं असेल, हे सगळं तिथेच लिहायचं. दंडाच्या रकमेवर परत व्याज लावायचं नाही हे रिझर्व्ह बँकेचं म्हणणं एप्रिल २०२४ पासून लागू आहे, तरी खातेउतारे बघ, काय काय सापडतं त्यात. पण हरकत तोंडी सांगून उपयोग शून्य. लेखी दे आणि पोच घे.

पोच घे म्हणजे काय तेही सांगते, कारण तुला वाटेल त्यात काय एवढं. शाखेत गेलीस की काउंटरवरचा म्हणणार, ठेवा इथे, साहेबांना देतो. ठेवायचं नाही. दोन प्रती न्यायच्या, आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का, तारीख आणि सही. तो म्हणेल शिक्का साहेबांच्या केबिनमध्ये आहे. बसायचं बाकावर. म्हणेल साहेब मीटिंगला गेलेत. तरी बसायचं. चार वाजून गेले आणि काहीच होईना की उठून पोस्टात जायचं, स्पीड पोस्ट करायचं, पत्ता शाखेचा नाही तर नोटिशीवर ज्या प्राधिकृत अधिकाऱ्याची सही आहे त्याचा, आणि तोच कागद ईमेलने पण. पोस्टाची पावती फाईलला टाचणीने लावायची नाही, पडते. स्टेपल मार, वर झेरॉक्स काढून ठेव, ती शाई वर्षभरात उडते.

हसशील. माझ्या ज्युनियर पोरी पण हसायच्या, "पोचवाली बाई" म्हणायच्या मागून, मला माहीत आहे.

एक बाई आल्या होत्या माझ्याकडे, शहापूर भागातल्या. घराच्या दारावर पझेशन नोटीस लागली आणि दुसऱ्या दिवशी पोरीला बघायला पाहुणे येणार. त्यांनी काय केलं, गरम पाणी आणि उलथनं घेऊन ती नोटीस खरवडून काढली. माझ्याकडे आणली ती प्लास्टिकच्या पिशवीत, लगदा झालेली, तारखेचा कोपरा दाराला तसाच चिकटून राहिलेला आणि त्याच्यावर नवऱ्याने ऑईलपेंट मारलेला. आता मुदत मोजायची कुठून? पण पझेशन घेतल्यावर ७ दिवसांच्या आत दोन पेपरात जाहिरात द्यावी लागते बँकेला, त्यातला एक इथल्या भाषेतला. वाचनालयात बसून जुन्या पेपरांचे गठ्ठे काढले, टेंडर नोटिशीच्या खाली सापडली, बारीक टायपात, ताबा घेतल्याच्या तारखेसकट. मुदत शिल्लक होती. अर्ज गेला पुण्याच्या डीआरटीला, लिलावाला वेळ मिळाला, आणि त्या वेळात बँकेची लेखी संमती घेऊन त्यांनी मागची जागा स्वतः विकली. स्वतः विकली म्हणून बाजारभाव आला, लिलावात तेवढा आला नसता. राहतं घर वाचलं. संमती लेखी घ्यावी लागते बरं का, थर्टीन टू नंतर बँकेच्या परवानगीशिवाय तारण विकता येत नाही, आणि "विका हो, आम्ही कुठे नाही म्हणतो" हे मॅनेजरचं वाक्य संमती होत नाही.

दुसरा माणूस आठवला की अजून झोप जाते. मॅनेजर त्याला म्हणाला, थोडे भरा, लिलाव थांबवतो, सेटलमेंट वर पाठवलंय. त्याने बायकोचं गंठण मोडून पैसे भरले. पैसे भरल्याची पावती होती, थांबवतो म्हटल्याचं काहीच नव्हतं. मॅनेजरची बदली झाली, नवा म्हणाला मला कल्पना नाही. पेपरात लिलावाची नोटीस आली, आणि ती छापून आली की सगळे पैसे भरून तारण सोडवून घ्यायचा हक्कही संपतो, २०२३ साली सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलंय. ओटीएस, म्हणजे एकरकमी तडजोड, द्याच असा आदेश कोर्टाकडून मागता येत नाही, हे २०२१ चं. माझ्याकडे आला तेव्हा लिलाव होऊन गेला होता. मी काय करणार होते? लोक म्हणाले मॅडमनी मनावर घेतलं नाही. मनावर घेऊन कागद तयार होतो का? साधं एक पत्र हवं होतं, "आज आपल्याशी झालेल्या बोलण्यानुसार" असं सुरू होणारं, आणि खाली शिक्का. बास.

म्हणून मी अशी झालेय. माझ्या बॅचच्या तिघांनी बँकांची पॅनलं घेतली, म्हणजे बँकांचे वकील झाले, बंगले बांधले, चांगले आहेत, वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. मला विचारलं होतं, मी नाही म्हटलं. पश्चात्ताप होतो कधी कधी, विशेषतः लेकाच्या फीच्या महिन्यात व्हायचा. पण कर्जदाराच्या बाजूने कागद नीट ठेवणारं गावात कुणीतरी पाहिजे की नाही? मी मोठी भाषणं ठोकली नाहीत, स्टे आणतो म्हणून पाकिटं घेतली नाहीत, एस्टी स्टँडवर पत्रकं वाटणाऱ्या त्या "कर्ज शून्य करून देतो" वाल्यांसारखं खोटं कुणाला सांगितलं नाही. घर वाचणार नसेल तर पहिल्याच दिवशी सांगितलं. त्याला काही लोक हातपाय गाळणं म्हणतात. म्हणू देत.

तुझ्या मूळ प्रश्नावर येते, नाहीतर म्हणशील टाळलं. त्याने लग्नात पैसे घातले ते चूकच. पण कायद्याने बँकेवर जी बंधनं घातलीत, नोटीस, मुदत, मूल्यांकन, लिलावाआधी ३० दिवस, ती कर्जदार गुणी असेल तरच पाळायची असं कुठे लिहिलंय? बँकेने तिचा कागद नीट केला तर शेड जाईल, जाऊ दे, तेही त्याला समजावून सांगायचं काम तुझंच. पण कागद नीट केलाय का हे कुणीतरी बघायला नको? खोटं बोलला म्हणून रागाव त्याच्यावर, मी पण रागावते, ओरडते सुद्धा. रागावून झालं की फाईल उघड.

आणि फीचं म्हणत होतीस. शेड कुणाच्या नावावर आहे बघ. बहुतेक बायकोच्या असेल, निदान सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून तिची सही असणारच. बाईला मोफत विधी सेवेसाठी उत्पन्नाची अट नाही, आणि त्या कायद्यात कोर्ट या शब्दात ट्रिब्युनलही येतं, म्हणजे डीआरटीसुद्धा. अर्ज तिच्या नावाने कर, तालुका विधी सेवा समितीत दे. तिथली पण पोच घे, आपलेच लोक आहेत म्हणून सोडू नकोस.

उद्या सकाळी त्याला फोन करून नोटिशीची तारीख विचार, आठवत नाही म्हणाला तर पेपर शोधायला लाग. मुदतीत आहे असं दिसलं तर डीआरटीचा मसुदा मी बघून देते, फक्त खातेउतारा आणि नोटिशीचे फोटो नीट काढून पाठव, मागच्या वेळी प्रत्येक पानावर तुझ्या हाताची सावली होती आणि व्याजाचा कॉलम दिसतच नव्हता.